श्रावणाच्या वाट्याला काय?

महाराष्ट्र शासन पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्धांना दरमहा जी मदत देते, तिला 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना' असे नाव आहे. नाव मोठे भावपूर्ण आहे. आंधळ्या आईबापांची कावड खांद्यावर वाहणारा श्रावण मराठी घराघरांत ठाऊक आहे. परंतु योजनेचे नियम वाचू लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. कावडीत बसलेल्यांसाठी या योजनेत थोडेफार रुपये आहेत. कावड वाहणाऱ्या खांद्याचा मात्र तिच्यात कोठेही उल्लेख नाही. एवढेच नव्हे, तर त्या खांद्याने बाहेर जाऊन चार पैसे मिळवले, की कावडीतल्यांचे अनुदान धोक्यात येते. ज्याच्या नावाने योजना चालते त्यालाच ती ओळखत नाही, आणि ओळखते तेव्हा केवळ संशयित म्हणून ओळखते.

शिवाय हा खांदा बहुधा मुलाचा नसतोच. तो सुनेचा असतो, लेकीचा असतो, पत्नीचा असतो, अपंग मुलाच्या आईचा असतो. केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेने २०२४ साली देशभर जी वेळ-वापर पाहणी केली, तिच्यात १५ ते ५९ या वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करताना आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. ज्या स्त्रिया ही देखभाल करत होत्या त्यांचे त्यात दिवसाला सरासरी १४० मिनिटे जात होते, पुरुषांची ७४. स्वयंपाक, धुणीभांडी, पाणी या कामांचा वेळ याहून वेगळा. ही सरासरी आहे, हेही विसरता कामा नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा मिनिटांत मोजता येत नाही. तिला रात्रपाळी असते, सुटीचा दिवस नसतो आणि निवृत्तीचे वयही नसते.

परंडा तालुक्यातील सोनारी हे भैरवनाथाचे गाव. चैत्रात येथे मोठी यात्रा भरते. परंतु यात्रा संपली म्हणजे मागे उरते ते धाराशिव जिल्ह्याचे नित्याचे अर्थकारण : बेभरवशाचा पाऊस, कोरडवाहू जमिनी आणि गळिताच्या हंगामात कोयता घेऊन मुलूख सोडणारी जोडपी. २०१८ साली केंद्र सरकारने विकासात मागे पडलेल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव होते. नाव २०२३ मध्ये बदलले. पाऊस आणि मजुरी यांचे गणित तेच राहिले. अशा मुलखातील गावात पक्षाघाताने एका अंगाने लुळा पडलेला सासरा किंवा जन्मतः मेंदूचा पक्षाघात झालेला मुलगा घरात असला, म्हणजे त्या घराचा कोयता मोडतो. जोडप्यातील एकाला मागे राहावे लागते, आणि कोणी राहायचे हा प्रश्न विचारला जात नाही. ऊसतोडीची उचल जोडीमागे मिळते. जोडी फुटली की उचल जाते, आणि एकट्या पुरुषाच्या पदरी पडेल ते काम उरते. त्या घराचे नुकसान केवळ औषधपाण्याचे नसते. एका प्रौढ, धडधाकट बाईची संपूर्ण मजुरी त्या खाटेपाशी खर्ची पडत असते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या खर्चाला नाव आहे, शासनाच्या हिशेबाच्या वहीत मात्र त्याला रकाना नाही.

शासन काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. पासष्ट वर्षांखालील निराधार, अपंग, दुर्धर रोगाने ग्रासलेले, विधवा, परित्यक्ता अशांसाठी ती आहे. जुलै २०२३ पासून या योजनेचे आणि श्रावणबाळ योजनेचे मासिक अनुदान १,००० रुपयांवरून १,५०० रुपये झाले, आणि ऑक्टोबर २०२५ पासून अपंग लाभार्थ्यांना ते २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. ही वाढ स्वागतार्ह आहे. ज्या अपंग संघटनांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढून ती मिळवली त्यांचे अभिनंदनही केले पाहिजे. वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्र सरकारचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागे दरमहा २०० रुपये, हा आकडा २००६ साली ठरला आणि तेथेच थिजला. त्या मानाने राज्याने हात सैल सोडला आहे.

परंतु खरी मेख अनुदानाच्या रकमेत नसून पात्रतेच्या अटीत आहे. या योजनांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीड दशकाहून अधिक काळ २१,००० रुपयेच राहिली. अपंगांच्या बाबतीत ती पुढे ५०,००० रुपये करण्यात आली. वृद्धांना आणि इतर निराधारांना जुनीच मर्यादा लागू राहिली. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. चार माणसांचे कुटुंब धरले तर माणशी दिवसाला पंधरा रुपयेसुद्धा होत नाहीत. आता दुसरा आकडा पाहा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. त्या दराने घरातील एका माणसाने ६८ दिवस काम केले, की कुटुंबाचे उत्पन्न २१,००० च्या पलीकडे जाते. म्हणजे २००५ च्या केंद्रीय कायद्याने ज्या कुटुंबाला वर्षात शंभर दिवस कामाची हमी दिली, त्या कुटुंबाने हमी पुरती वापरली असती तर घरातील म्हातारी 'निराधार' राहिली नसती! एका हाताने दिलेला हक्क वापरला म्हणून दुसऱ्या हाताने दिलेली मदत काढून घ्यायची, असा हा व्यवहार आहे. बाहत्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे खडी फोडत होती, त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. श्रम करणाऱ्याला भीक नको, काम हवे, हे त्या कायद्याचे तत्त्व होते. काम केल्याची शिक्षा घरातल्या आजाऱ्याला व्हावी, असे त्याच्या कर्त्यांनी स्वप्नातही आणले नसेल.

व्यवहारात ही शिक्षा नेहमी होतेच असे नाही, कारण उत्पन्नाचा दाखला बहुतेक वेळा वास्तवाशी फारकत घेऊनच निघतो. तलाठ्याला ठाऊक असते, तहसील कचेरीला ठाऊक असते, अर्जदाराला तर असतेच, की २१,००० रुपयांत कोणतेही कुटुंब वर्षभर जगत नाही. तरीही सर्वजण मिळून तो आकडा कागदावर आणतात. येथेच खरा अनर्थ दडलेला आहे. पाळताच येणार नाही असा नियम केला, म्हणजे प्रत्येक गरीब माणूस कागदोपत्री गुन्हेगार ठरतो आणि त्याचे अनुदान कोणाच्या तरी मेहेरबानीवर लोंबकळत राहते. तालुक्याच्या समितीवर कोणत्या पक्षाची माणसे आहेत, निवडणुकीत कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले, दाखल्यासाठी कोणाच्या मध्यस्थीने जायचे, हे प्रश्न मग नियमाहून मोठे होतात. अवास्तव निकष हा भ्रष्टाचाराला आळा घालत नाही, तो भ्रष्टाचाराचे भांडवल होतो.

याच शासनाने जून २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली. तिच्यात २१ ते ६५ वयाच्या स्त्रीला दरमहा १,५०० रुपये देण्याचे ठरले आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठेवली अडीच लाख. स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा यावा याला कोणा समाजवाद्याचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न न्यायाचा आहे. तीच रक्कम, तेच शासन, तीच तिजोरी. मग अंथरुणावरच्या म्हाताऱ्याच्या कुटुंबाला २१,००० ची फूटपट्टी आणि दुसरीकडे तिच्या जवळजवळ बारापट लांबीची, हे कोणत्या तर्कात बसते? उत्तर उघड आहे. पहिली फूटपट्टी सामाजिक न्याय खात्याने गरिबांसाठी घडवली, दुसरी विधानसभेच्या निवडणुकीने मतदारांसाठी.

निवडणूक आटोपल्यावर छाननी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच लाख बहिणी अपात्र ठरल्याचे शासनानेच सांगितले. त्यांत सुमारे दोन लाख तीस हजार स्त्रिया संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या. पुढे जुलैत आणखी सव्वीस लाखांहून अधिक जणींचा लाभ स्थगित झाला, आणि चौदा हजारांवर पुरुषांनीही हा पैसा उचलल्याचे उघडकीस आले. नंतर सर्वांना आधार-आधारित ओळखपडताळणीची सक्ती झाली. तिच्यात पतीच्या किंवा पित्याच्या आधार क्रमांकाची मागणी होती; ज्यांना पतीही नाही आणि पिताही नाही अशांनी करायचे काय, हा विचार नंतर सुचला. मत मागताना डोळे मिटायचे आणि मत मिळाल्यावर भिंग लावायचे, याला छाननी म्हणत नाहीत. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे : अपात्र ठरलेल्या स्त्रियांकडून दिलेला पैसा परत घेणार नाही, असे शासनाने त्या वेळी सांगितले. ते शहाणपणाचे होते.

फेरतपासणीला तत्त्वतः विरोध करता येणार नाही. सार्वजनिक पैसा आहे, तो योग्य माणसाला मिळतो की नाही हे पाहिलेच पाहिजे. मृताच्या नावाने पैसे उचलले गेले, तर ती जिवंत गरिबाचीच लूट असते. प्रश्न आहे तो तपासणीचा बोजा कोणी वाहायचा हा. आज हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकखात्याशी आधारची जोडणी, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, हे सारे लाभार्थ्याने सिद्ध करायचे असते. लाभार्थी उठू शकत नाही, म्हणून प्रत्यक्षात ते करते ती सांभाळणारी बाई. २०२४ च्या अखेरीपासून हे अनुदान थेट खात्यात जमा करण्याची नवी पद्धत आली आणि आधारची जोडणी नसलेल्यांचे पैसे अडकले. सोनारीच्या बाईने परंड्याच्या तहसील कचेरीची एक खेप घातली, म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे जाते, आणि मागे खाटेवरच्या माणसाला पाणी द्यायला शेजारणीच्या पाया पडावे लागते. साहेब जागेवर नसले तर दुसरी खेप. खाटेवरच्या माणसालाच घेऊन या म्हटले तर जीप ठरवावी लागते, आणि महिन्याच्या १,५०० रुपयांतला केवढा भाग त्या जीपवाल्याला जातो याचा हिशेब शासन ठेवत नाही. राबून राबून बोटांच्या रेषा पुसल्या गेलेल्या माणसाने यंत्रावर बोट टेकवून स्वतःची ओळख पटवायची, ही तर क्रूर थट्टाच आहे. आणि ज्याचे अपंगत्व कायमचे म्हणून सरकारी डॉक्टरने लिहून दिले, त्याच्याकडे पुन्हा पुन्हा कागद मागण्यात कोणता हेतू आहे? तुटलेला पाय दर वर्षी नव्याने फुटतो काय?

कायद्याकडे पाहिले तर शासनाला सबब उरत नाही. वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळावे, असे संविधानाचे कलम ४१ सांगते. २००७ च्या कायद्याने वृद्ध आईबापांचा सांभाळ करणे मुलांवर बंधनकारक केले आणि न केल्यास निर्वाहभत्ता वसूल करण्यासाठी न्यायाधिकरणे नेमली. म्हणजे न सांभाळणाऱ्याला शासन करण्याची तरतूद झाली. सांभाळणाऱ्याला आधार देण्याची राहून गेली. २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा याहून पुढे गेला. त्याच्या कलम २४ मध्ये दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या आहेत. एक, अपंगांना मिळणारे साहाय्य इतरांच्या तशाच योजनेहून निदान पंचवीस टक्क्यांनी अधिक असले पाहिजे. दुसरी, ज्या अपंगांना दैनंदिन जीवनात फार मोठ्या आधाराची गरज आहे, त्यांच्यासाठी देखभाल करणाऱ्याचा भत्ता शासनाच्या योजनांत असला पाहिजे. पहिली गोष्ट महाराष्ट्राने, कायदा अमलात येऊन आठ वर्षे उलटल्यावर का होईना, ऑक्टोबर २०२५ च्या वाढीने केली. दुसरीचे नाव सोनारीच्या ग्रामपंचायतीत कोणी ऐकले असेल तर ते आश्चर्यच म्हणावे लागेल.

हे काही आकाशीचे तारे मागणे नव्हे. केरळने २०१० साली 'आश्वासकिरणम्' नावाची योजना सुरू केली. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची घरी पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्याला तिच्यात दरमहा मदत देण्याची तरतूद आहे. रक्कम ६०० रुपये, म्हणजे फारशी नाही, आणि हप्ते रखडल्याची ओरडही तेथे झाली आहे. तरीही तत्त्व मोलाचे आहे. आजाऱ्याला मिळणारा पैसा वेगळा आणि सेवा करणाऱ्याला मिळणारा वेगळा, असे एका भारतीय राज्याने मान्य केले.

अशी योजना आखताना काय टाळायचे, हे ब्रिटनच्या अनुभवावरून शिकता येते. तेथे १९७६ साली कुटुंबातील रुग्णाची देखभाल करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला, परंतु विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले होते. त्या घरीच असतात, त्यांना भत्ता कशाला, असा त्यामागचा विचार. आईची देखभाल करण्यासाठी नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक या विवाहित स्त्रीने दाद मागितली आणि १९८६ साली युरोपीय न्यायालयाच्या निकालाने हा भेद मोडून निघाला. 'बाई घरीच तर असते' हे वाक्य केवळ आपल्या ओसरीवरच उच्चारले जाते असे नाही. पुढे त्याच भत्त्यात दुसरा सापळा तयार झाला. देखभाल करणाऱ्याची बाहेरची कमाई ठरलेल्या मर्यादेहून आठवड्याला एका पौंडाने वाढली, तरी त्या आठवड्याचा सबंध भत्ता जायचा. कमाई वाढल्याची माहिती सरकारी खात्याकडे येत होती. तरी खाते महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे गप्प बसले आणि मग एकदम हजारो पौंडांची वसुली काढली. २०२४ साली हे प्रकरण वृत्तपत्रांनी उजेडात आणले, तेव्हा लाखाहून अधिक माणसे या कर्जाखाली दबलेली होती. काहींवर खटलेही झाले होते. सरकारला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. लिझ सेस यांच्या अहवालाने २०२५ च्या नोव्हेंबरात मोठा दोष खात्याच्या पदरात घातला आणि जुनी प्रकरणे पुन्हा तपासण्याचे सरकारने कबूल केले. श्रीमंत देशातही पात्रतेची तपासणी माणुसकी सोडून केली, तर मदत हाच फास होतो, एवढा बोध यातून घ्यावा.

मग मागायचे काय? पहिली मागणी, २०१६ च्या कायद्यातील देखभाल भत्ता महाराष्ट्रात लागू व्हावा. अपंगाबरोबर अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची सेवा करणाऱ्यालाही तो मिळावा, तो सेवा करणाऱ्याच्याच खात्यात जावा, आणि आजाऱ्याच्या अनुदानातून त्याची वजावट होऊ नये. दुसरी, पात्रता ठरवताना सेवा करणाऱ्या व्यक्तीची रोजगार हमीतील मजुरी उत्पन्नात धरू नये. उत्पन्नमर्यादा किमान वेतनाशी जोडावी, आणि ती ओलांडल्यास अनुदान एकदम तोडण्याऐवजी पायरीपायरीने कमी करावे. तिसरी, फेरतपासणी घरी येऊन व्हावी. लाडक्या बहिणींच्या दारात चारचाकी आहे की नाही हे पाहायला अंगणवाडी सेविकेला घरोघर धाडता येते, तर खाटेवरचा माणूस जिवंत आहे की नाही हे पाहायला तलाठी किंवा ग्रामसेवक का येऊ शकत नाही? ज्याला हे काम सांगाल त्याला त्याचा मोबदला मात्र द्या. नाहीतर एका बाईची फुकटची राबणूक संपवताना दुसरीची सुरू होईल. चौथी, अनुदान थांबवण्यापूर्वी साध्या मराठीत कारणासह नोटीस मिळावी, उत्तराला मुदत मिळावी, अपील करता यावे आणि निकाल लागेपर्यंत अनुदान चालू राहावे. आरोपीलाही आपली बाजू मांडण्याची संधी मिळते. म्हातारीला का मिळू नये?

यावर तीन आक्षेप येतील. पैसा कोठून आणायचा, हा पहिला. राज्यातील पाच लाख सेवा करणाऱ्यांना दरमहा १,००० रुपये द्यायचे म्हटले तर वर्षाला ६०० कोटी लागतील. लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी ठेवले होते. हा त्याचा साठावा हिस्सा झाला. तेव्हा अडचण तिजोरीची नसून अग्रक्रमाची आहे. दुसरा आक्षेप असा की सेवेला पैसे दिले तर प्रेमाचा बाजार होईल. आईबापांच्या सेवेचे मोल होत नाही हे खरेच; पण म्हणून सेवा करणारीने उपाशी राहावे असे त्यातून निघत नाही. शिक्षकाला वेतन दिल्याने विद्येचा अपमान होत नाही. त्यागाचे गोडवे बहुधा त्यांच्याच तोंडी असतात, ज्यांना तो करावा लागत नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो आपल्याच चळवळीतील स्त्रिया घेतील. भत्ता देऊन बाईला खाटेशी कायमचे जखडून टाकाल, असे त्या म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच भत्ता ही शेवटची पायरी मानता येणार नाही. तालुक्यात निदान मोठ्या गावी दिवसभराचे शुश्रूषा केंद्र हवे, आशा कार्यकर्तीच्या जोडीला घरी येणारी प्रशिक्षित परिचारिका हवी, आणि सेवेत पुरुषांचा वाटा हवा. परंतु जोवर यांतले काही नाही, तोवर जी बाई हे ओझे उचलतेच आहे तिला ते फुकट उचलायला लावणे म्हणजे मुक्ती नव्हे. ती वेठबिगारी आहे.

कार्यकर्त्यांनी सुरुवात मोर्चापासून न करता यादीपासून करावी. सोनारीत आणि पंचक्रोशीतील प्रत्येक गावात अंथरुणाला खिळलेली, आधाराशिवाय उठू न शकणारी माणसे किती. त्यांना कोण सांभाळते. सांभाळणारीची किती मजुरी बुडते. अनुदान मिळते का. थांबले असेल तर केव्हा आणि कोणत्या कारणाने. एवढे पाच प्रश्न वहीत लिहून घरोघर फिरावे. ती वही ग्रामसभेत वाचावी आणि ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदारांकडे न्यावा. अनुदान अडकलेल्यांचे अर्ज भरून देणे हे किरकोळ काम समजू नये. ज्या पक्षाला खाटेपर्यंत पोचता येत नाही, त्याने सत्तेपर्यंत पोचण्याच्या गोष्टी करू नयेत. या बायकांची संघटना नाही, कारण त्यांना सभेला यायला सवड नाही. त्या संप करू शकत नाहीत, कारण त्यांनी संप केला तर माणूस दगावेल. शासन याच खात्रीवर विसंबून आहे. म्हणून त्यांच्या वतीने बोलणे हे ज्यांना सवड आहे त्यांचे कर्तव्य ठरते.

श्रावणाचे नाव योजनेला देण्याने शासनाचे काही जात नाही. ते नाव ठेवायचे असेल तर त्याच्या खांद्यावरच्या भाराची नोंद सरकारी दप्तरात झाली पाहिजे, आणि ती नोंद उपकार म्हणून नव्हे, तर श्रमाचा मोबदला म्हणून झाली पाहिजे.